विहीणबाईंचे गव्हले

साखरपुडा आटोपून निघताना मथुराबाई उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "रुखवतात गव्हले असतीलच ना हो? आमच्याकडे त्याशिवाय रुखवताला रुखवत म्हणत नाहीत."

नलिनीने हात जोडले. "असतील की."

तिला वाटलं, गव्हला. शिकेकाईत घालतात तो, गव्हला-कचोरा. मथुराबाई राहायला मुलुंडला असल्या तरी मूळच्या वाईच्या. देशावरची माणसं, बोलताना वस्तूलासुद्धा मान देत असतील, गव्हल्याला गव्हले म्हणत असतील, असं तिने मनाशी धरलं. दुसऱ्याच दिवशी भांडुप स्टेशनजवळच्या काष्ठौषधीवाल्याकडून तिने पावशेर चांगला वासाचा गव्हला आणला, निवडला, उन्हं दाखवली आणि गुलाबी सॅटिनच्या पुरचुंडीत बांधून वर जरीची दोरी लावली. पुरचुंडी इतकी देखणी झाली की चाळीतल्या चार बायका येऊन वास घेऊन गेल्या.

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा मथुराबाईंची धाकटी जाऊ सुगंधा नवरीच्या, म्हणजे नलिनीच्या अनुपमाच्या, ब्लाऊजचं माप न्यायला आली. रुखवताचं सामान बघता बघता तिने पुरचुंडी उचलली.

"हे काय?"

"विहीणबाईंनी सांगितलेले गव्हले."

सुगंधाने वास घेतला, नलिनीकडे पाहिलं आणि पलंगावर बसून हसली, पदराने डोळे पुसण्याइतकी हसली. "अहो, गव्हले खिरीचे. रव्याचं पीठ भिजवून बोटांवर वळतात, गव्हाच्या दाण्याएवढे. मग मालत्या, नखुले, बोटवे... पाच तऱ्हा लागतात. पाच वाट्या भरून मांडायच्या. जाऊबाई एकेक दाणा उचलून बघतात हं, आधीच सांगते. माझ्या आईचे गव्हले जाड झाले होते, ते मी अजून ऐकते आहे."

तिचं शेवटचं वाक्य नलिनीच्या मनातून जाईना. आपलं काय, आपण इथे भांडुपला. पण अनू त्या घरात जन्म काढणार, आणि दर सणाला तिला ऐकावं लागणार की तुझ्या आईने शब्द दिला आणि वाट्या रिकाम्या मांडल्या.

संध्याकाळी नलिनीचा नवरा गुणाजी कामावरून आला. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून तो नाहूरच्या एका कारखान्यात वॉचमन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, टोपी खुंटीला लावली आणि विचारलं, "माका एकच सांग. ता खावचा की लावचा?"

एरवी नलिनीने चांगलं सुनावलं असतं. पण सोळा सोमवारांबरोबर तिने महादेवापुढे आणखी एक नेम धरला होता. अनूचं लग्न पार पडेपर्यंत कुणालाही वाकडा शब्द बोलायचा नाही. ती म्हणाली, "खायचा," आणि चहा टाकायला उठली.

आधी तिने स्वतः गव्हले वळून पाहिले. रवा दुधात भिजवला, मळला, पाटावर बसली. कोकणातली बाई, तांदळाच्या शेवया म्हणजे शिरवाळे साच्यातून रेशमासारखे पाडणारी. पण हे पीठ तिचं ऐकेना. कधी बोटाला चिकटे, कधी तुटे. एक दाणा तांदळाएवढा, तर पुढचा वाटाण्याएवढा. अख्खी दुपार घालवून एक मूठ झाली.

अनुपमाने ती हातात घेऊन पाहिली. "आई, हे उंदराच्या लेंड्यांसारखे दिसतात गं."

"देवापुढे असलं बोलू नये," नलिनी हळूच म्हणाली आणि मूठभर दाणे चिमण्यांना टाकले.

मग दुकानं सुरू झाली. पहिला कोपऱ्यावरचा वाणी धाकूशेठ. त्याने गहू दाखवले. नाही म्हटल्यावर दलिया दाखवला. तोही नाही म्हटल्यावर शेवया काढल्या. "भाभी, मोडून घ्या ना. बारीक मोडल्या की कोण बघतंय?"

"विहीणबाई बघतात," नलिनी म्हणाली.

मुलुंडला बाजारात तीन दुकानं पालथी घातली. तिथेही हळूच विचारावं लागत होतं, कारण मथुराबाई त्याच बाजारात भाजी घेत. एका दुकानदाराने तिचा कुजबुजता आवाज ऐकून आत जाऊन काय आणावं, तर गव्हला-कचोरा. तिने तो दोन्ही हातांनी परत सरकवला आणि काही न बोलता पायरी उतरली. ओठ इतके घट्ट मिटले होते की पुढच्या दुकानात विचारायला तोंड उघडेना.

सोमवारी ती उपाशीपोटी घाटकोपरला गेली. तिथे एका मोठ्या दुकानात काचेमागे हवं ते दिसलं. गव्हले, मालत्या, नखुले. इवल्याइवल्या पिशव्यांत, मोत्यांसारखे एकसारखे. तिने डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं आणि भाव विचारला. भाव ऐकून पुन्हा एकदा विचारला, कदाचित किलोचा सांगितला असेल म्हणून.

"शंभर ग्रॅमचा," दुकानदार म्हणाला. "हातकाम आहे, ताई."

पाच वाट्या भरायच्या म्हणजे अनूला शालूऐवजी साधी साडी घ्यावी लागली असती. शिवाय पाचांतल्या दोन तऱ्हा त्याच्याकडे नव्हत्याच.

"थोडं कमी करा ना."

"मॅकरोनी घ्या मग. स्वस्त पडेल." त्याने खोका पुढे टाकला. आत शिंपल्यांसारखे छोटे आकार होते, पिवळसर, पोटाला रेघा असलेले. नलिनीचा जीव हरखला. अगदी नखुले.

"यात अंडं असतं का हो?"

"कुणाला माहीत? खातात सगळे."

"पण असतं का?"

"ताई, तुम्हाला खीर करायची आहे की चौकशी?"

मागे उभी असलेली बाई फिसकन हसली. नलिनीची कानशिलं तापली. शब्द अगदी जिभेच्या टोकाशी आला होता. तिने तो गिळला. दिवसभरात पोटात गेलेलं तेवढंच. खोका परत ठेवला. गौरीहराशेजारी मांडायच्या वाटीत 'कुणाला माहीत' कसं ठेवणार?

घरी येताना ती स्टेशनच्या बाकावर बसून राहिली. दोन गाड्या सोडल्या. तिला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. मथुराबाईंचा राग, दुकानदाराचा राग, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या त्या 'असतील की'चा. एवढंच विचारायला हवं होतं, गव्हले म्हणजे काय हो? पण साखरपुड्याच्या दिवशी मुलीच्या आईने अडाणी दिसू नये, असं वाटलं होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटे ती उठली, तांदळाच्या पिठाचे गोळे उकडले आणि गुणाजीला साच्याच्या दांड्याला लावलं. शिरवाळे पडू लागले, पांढरेशुभ्र, लांब, एकही न तुटता. नारळाचा रस काढून त्यात गूळ, वेलची घातली. पाच वाट्या रुखवतात मांडल्या, पाचही वाट्यांत शिरवाळे. आणि मधोमध गुलाबी पुरचुंडी.

मथुराबाई टेबलापुढे उभ्या राहिल्या. मागे सुगंधा, तिच्यामागे वाईकडच्या आणखी चार बायका.

"गव्हले दिसत नाहीत," मथुराबाई म्हणाल्या.

नलिनीने पुरचुंडी उचलून त्यांच्या हातात दिली. "विहीणबाई, तुम्ही म्हणालात ते मला गव्हला ऐकू आलं. आमच्याकडे गव्हला केसांना लावतात. ऐकणारीची चूक. पण आणलाय चांगल्यातला, उन्हं दाखवून. नंतर खिरीचे शोधले, नाही मिळाले. मला वळताही येत नाहीत."

सुगंधा छताकडे पाहू लागली. मथुराबाईंनी पुरचुंडी नाकाशी नेली, जरा वेळ तिथेच धरली.

"वास चांगला आहे," त्या म्हणाल्या. मग ओठ दुमडून, "असू दे. तुमच्या अनुपमाला आम्ही शिकवू गव्हले."

"शिकवा की," नलिनी नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली. "बोटं चांगली आहेत तिची. शिरवाळे सुरेख पाडते. ते तुम्हीही शिका."

सुगंधाला खोकला आला. मथुराबाईंनी एक शिरवाळा उचलून उजेडात धरला, तुटत नाही हे पाहिलं आणि खाली ठेवला. पण मांडवात जाताना पुरचुंडी त्यांच्या पिशवीत होती.

सोळा सोमवार लग्नाआधीच पुरे झाले होते. तरी पुढच्या सोमवारी नलिनीने सकाळचा चहा घेतला नाही. गुणाजी कप धरून उभा राहिला.

"लगीन झाला, उद्यापन झाला. आता हो उपास कसलो?"

"नेम होता ना, वाकडं बोलायचं नाही," ती बेल निवडता निवडता म्हणाली. "त्या 'तुम्हीही'तल्या 'ही'वर जरा जोर पडला होता."