स्वमताच्या पाच ओळी

"काय टिपणबाई, पेन उघडं आणि डोळे मिटलेले? समाधी लागली की काय?" गणिताच्या सरांनी चहाचा कप पुढे सरकवत विचारलं.

बाईंना ते ऐकूच गेलं नाही. सव्वीस वर्षांत त्यांचं लाल पेन असं कधी अडलं नव्हतं. नववीचे सहामाहीचे पेपर, प्रश्न चौथा. पुराच्या कवितेत निसर्गाचं सामर्थ्य आणि माणसाची जिद्द कशी दिसते? एका मुलीने सगळे मुद्दे ओळीने मांडले होते. नदीचं रौद्र रूप, वाहून गेलेलं घर, चिखलातून उचललेली पहिली वीट. बाईंचीच टिपणं, काना-मात्रेसकट. खाली स्वमत होतं : 'मी स्वतः पूर कधी पाहिलेला नाही, परंतु या कवितेमुळे मी त्याची कल्पना करू शकते.'

पेपरावरचं नाव त्यांनी तीनदा वाचलं. गेल्या वर्षीच्या पुरात या मुलीचे वडील तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेले होते. बाई स्वतः त्या घरी भेटून आल्या होत्या, तिच्या आईजवळ बसून रडल्याही होत्या. आणि तरीही यंदा वर्गात जुनी वही उघडून त्यांनी तेच वाक्य सांगितलं होतं, दरवर्षीसारखं, स्वल्पविरामासकट. त्या वेळी आपली जीभ कशी झडली नाही!

त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

"अगं, हे काय लिहिलंस?"

"चुकलं का, बाई?"

"तू पूर पाहिला नाहीस?"

मुलगी गोंधळली. "पाहिलाय ना. पण तुम्हीच म्हणाला होतात, सांगितलंय तसंच लिहा. पदरचं घातलं की मार्क जातात."

तिला राग आलेला नव्हता. मार्क जातील की काय, एवढीच धास्ती तिच्या चेहऱ्यावर होती. बाईंना भरल्या शिक्षकखोलीत बसायची लाज वाटली. त्या तिला शेजारच्या रिकाम्या वर्गात घेऊन गेल्या.

"आता तुझं तू लिही. मनातलं. मार्क पूर्ण देईन मी."

"किती ओळी?"

"पाच," बाई सवयीने बोलून गेल्या.

मुलीने समास आखला. 'उत्तर' लिहिलं, त्याखाली पट्टीने रेघ मारली आणि पेन तसंच धरून ती बसून राहिली. बोटांवर काहीतरी मोजत होती. तास संपल्याची घंटा झाली तरी रेघेखाली कागद कोराच.

"काय झालं गं?"

"बाई, बाबांनी दोर धरला होता, इथपर्यंतच पाच ओळी होतात," ती हळूच म्हणाली. "पुढचं कुठे लिहू?"

बाईंनी कपाट उघडलं आणि पुरवण्यांचा अख्खा गठ्ठा तिच्यासमोर ठेवला.