बारा दारांतला गुलाबी 'न'

मित्रांनो, मी एक जुना, पुठ्ठ्याचा 'न' आहे. अंगावर गुलाबाच्या फुलांचा कागद आणि कडेला मिठाईच्या डब्यातली चंदेरी पट्टी. अथाल गावातल्या चाळीत मी दारावर लागलो आणि त्या दिवसापासून एकही माणूस चुकीच्या खोलीत शिरला नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हणजे पहिले चार दिवस तरी.

आमच्या चाळीला बारा खोल्या होत्या. दारांवर नंबरही होते. पण ८९ साली पावसाळ्याआधी मालकानं सगळी दारं एकाच हिरव्या रंगानं रंगवून घेतली, नंबरांसकट. आमचा नवनाथ जवळच्या मसाटला धाग्याच्या कंपनीत कामाला. रात्रपाळी करून सकाळी सात वाजता घरी यायचा तेव्हा त्याचे फक्त पाय जागे असायचे.

पायांनी एकदा त्याला शेजारच्या कुसुमबेनकडे नेलं. तिचे रमणभाई पहिल्या पाळीला गेलेले, ती नळावर. नवनाथनं झाकून ठेवलेल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि खाटेवर आडवा झाला.

"अलकाबेन!" कुसुमबेन हंडा घेऊन धावत आली. "तुमचा माणूस आमच्या खाटल्यावर घोरे छे!"

सगळी चाळ हसली. टोकाच्या खोलीतल्या भिमाबाई तर म्हणाल्या, "अलका, तुझ्या हातच्या भाकरीत काही कमी पडतं का गं?"

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा अलकानं नवऱ्याला उभं करून सांगितलं, "अहो, दिवाळीपर्यंत अजून एकदा जरी घर चुकलात ना, तर साडेनऊच्या एसटीनं मी शहाद्याला माहेरी. मग शोधत बसा दार."

पण अलकाचा जीव त्या घरात होता. तिला जायचं नव्हतं. म्हणून तिनं मला जन्माला घातलं.

धाग्याच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणला. बांगडी ठेवून माझा गोल काढला, ब्लेडनं कापलं. मैद्याची खळ शिजवली, झुरळांनी मला खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातलं. वर गुलाबांचा कागद असा ताणून बसवला की एक सुरकुती नाही. मग मला पाट्याखाली दाबून ठेवलं. फक्त खालचा एक कोपरा बाहेर राहिला. सकाळी नवनाथ आला, आणि नेमका त्याच्यावर पाय देऊन झोपायला गेला. कोपरा दुमडला तो दुमडलाच. मला फार वाईट वाटलं. जन्मून एक दिवस झाला नाही आणि लंगडा!

तरी माझं कौतुक काय झालं म्हणून सांगू! पाचव्या दिवशी कुसुमबेन आली.

"अलकाबेन, मने पण असाच पाहिजे."

"तुम्हाला 'क' करून देते ना. कुसुमचा 'क'."

"ना ना. वाचायचं कोणाला आहे? डिझाइन सरस आहे. सेम टु सेम पाहिजे."

अलका हरखली. तिनं मला जमिनीवर ठेवलं, भोवतीनं पेन्सिल फिरवली, आणि माझा भाऊ तयार झाला. मग भिमाबाईंना हवा झाला. मग बिहारवाल्यांना, मग ओडिशावाल्या तीन भावांना. आठवडाभरात बाराही दारांवर गुलाबी 'न' झळकला. चाळ अशी देखणी दिसत होती की वाटेवरचे लोक थांबून बघायचे.

त्यांच्यात नवनाथही होता. सकाळी सात वाजता डबा हातात धरून तो बारा 'न'कडे बघत उभा राहिला. शेवटी त्यानं एकेक अक्षर हातानं चाचपलं. माझा दुमडलेला कोपरा लागला तसा गपकन आत शिरला.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सोन्याचा. ज्या लंगडेपणाची मला लाज, त्यानंच संसार वाचवला. पुढे रोज सकाळी नवनाथ माझा कोपरा चाचपायचा. आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती: नळावरून येताना अलकाही माझा कोपरा बघूनच वळायची. तिलासुद्धा ते कळत नव्हतं, डोळे आपोआप जायचे.

आता मी म्हातारा झालोय. गुलाब विटले, चंदेरी पट्टी गळाली, आतल्या पुठ्ठ्यावरचा 'ही बाजू वर' सांगणारा बाण खाली बघतोय. तरी एक मागणं आहे. घरातल्या वस्तू जपा, पुसा, ऊन द्या. पण एखादीचा कोपरा दुमडलेला असेल तर तो सरळ करण्याआधी घरात विचारा.

अलकानं विचारलं नाही. धनत्रयोदशीच्या सकाळी तिनं ओल्या फडक्यानं माझा कोपरा सरळ केला, त्यावर नवा गुलाब चिकटवला आणि पाण्याला गेली. नवनाथला त्या दिवशी सुट्टी होती, तो घरातच झोपला होता. रमणभाईंची पाळी त्याच आठवड्यात बदललेली, तेही झोपलेले, डोक्यावरून पांघरूण घेऊन.

अलका हंडा घेऊन आली आणि शेजारी शिरली. "सणासुदीला लोळताय काय, उठा!" म्हणत तिनं पांघरूण ओढलं आणि तांब्याभर पाणी ओतलं.

रमणभाई ओरडले. चाळ जमली. नवनाथ डोळे चोळत बाहेर आला, सगळं बघितलं आणि म्हणाला, "अलका, साडेनऊची गाडी अजून मिळेल."

हंडा कमरेला लावून अलका तरातरा घराकडे म्हणून निघाली आणि भिमाबाईंच्या खोलीत शिरली.