डाव्या दारावरचे ओरखडे

पनवेलजवळच्या कोन गावातल्या जगननं सात सीटांची काळी एसयूव्ही घेतली आणि त्याचा माणसांवरचा विश्वासच उडाला. उंच सीटवर बसून पनवेलच्या बाजारातून निघालं की रिक्षावालेसुद्धा आपणहून बाजूला होत, तेव्हा त्याची छाती फुगायची. पण गाडी दारात उभी केली की जिवाला घोर. कोण बघतंय, कोण जळतंय, दिवसभर तेच.

खरं तर जळत बसायला गावात कुणाला सवड नव्हती. पण डाव्या दारावर पहिला ओरखडा दिसला आणि जगनचा संशय थेट धाकट्या भावावर, धनेशवर गेला. दोघांचं अंगण एक, गेट एक. आठवड्याभरात दुसरा ओरखडा, मग तिसरा. धनेश नुसता गाडीजवळून गेला तरी जगन खिडकीत येऊन उभा राहायचा.

धनेशच्या स्नेहलची पाठवणी आपल्या गाडीतून करायची, हे जगननंच पुतणीला कबूल केलं होतं. हळदीच्या सकाळी धनेश विचारायला आला.

"दादा, फुलवाला इचारतंय, गाडी कवा सजवायची?"

"गाडी नाय मिलनार. ज्यानं ओरखडे मारलं, त्यानं दुसरी बघावी."

धनेश दाराकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि काही न बोलता निघून गेला. चोर असाच गप्प राहतो, असं जगनला वाटलं. स्नेहल भाड्याच्या छोट्या गाडीतून चिरनेरला सासरी गेली. जगन मांडवात फिरकला नाही.

नातेवाईक तोंडावर बोलायला लागले, तेव्हा पुरावाच दाखवू म्हणून त्यानं गेटवर कॅमेरा बसवून घेतला. चारच दिवसांत चौथा ओरखडा उमटला. त्याला जवळजवळ आनंदच झाला.

"लाव मोबाइलवर," तो मुलीला, समीक्षाला म्हणाला. "मंग पाठव सगल्यांना."

पडद्यावर संध्याकाळ होती. त्याचीच गाडी गेटातून आत येत होती. उजवा खांब लागू नये म्हणून जगन मान बाहेर काढून जपून चालवत होता, आणि डावं दार दुसऱ्या खांबाला खरडत होतं. जवळ काही आलं की सारखा केकाटतो म्हणून गाडीचा सेन्सर त्यानं पहिल्याच महिन्यात बंद करून टाकला होता. आत गाणी जोरात चालू होती.

गाडी आत गेल्यावर धनेश आला. त्यानं इकडेतिकडे बघितलं, खांबाला लागलेला काळा रंग थिनरच्या बोळ्यानं घासून काढला आणि आपल्या घरात गेला.

"काका कशाला पुसतोय?" समीक्षानं विचारलं.

जगनला कळलं होतं. एवढी मोठी गाडी घेतली आणि गेटातून आणता येत नाही, असं म्हणून गाव आपल्याला हसलं असतं. आणि धनेश हे लग्नानंतरही झाकत होता, पोरगी भाड्याच्या गाडीतून गेल्यावरही. जगनला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"बाबा, पुसून टाकू काय यो व्हिडिओ?"

"नाय," जगन म्हणाला. "पाठव. पयली स्नेहलला."