लहान झालेला पुडा

पहिली शिफ्ट संपवून विजयश्री मारुंजीच्या खोलीवर आली, तेव्हा तिचे डोळे मिटत होते. दुपारच्या उन्हात सगळं तरंगल्यासारखं दिसत होतं. तिनं चहा केला आणि बिस्किटांचा पुडा सासूच्या हातात दिला. रुक्मिणीबाईंना आता अंधुकच दिसायचं. त्या कितीतरी वेळ पुडा चाचपत राहिल्या.

"विजे, माझे हात पुन्हा मोठे व्हायलेत गं," त्या हरखून म्हणाल्या. "गावाकडं ज्वारी काढायचे, तव्हाचे हात!"

चाकणच्या कंपनीत हेच पुडे दिवसभर विजयश्रीसमोरून सरकत जायचे. नुकतेच ते लहान झाले होते. सासूचा आनंद मोडवेना, पण त्यांना फसवणंही नको वाटलं.

"आत्या, हात हैत तेवढेच. पुडाच लहान केलाय. पैसे मात्र तेवढेच घेतात."

रुक्मिणीबाई थबकल्या, मग खुदकन हसल्या. "मेल्यांनी घडीभर तरणी केली की मला!"

त्यांनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या गावाकडच्या रानाबद्दल सांगू लागल्या. ऐकता ऐकता विजयश्रीच्या डोळ्यांपुढं उभी ज्वारी हलू लागली आणि त्यातच तिला झोप लागली.