जांभ्याखालचं झाड

हरिहरांनी यंदा विहीर खणायला घेतली ती एका हट्टापायी. बागेतली दोनशे कोवळी हापूस कलमं या वैशाखात जगायलाच हवी होती. काळा कातळ लागल्याशिवाय विहिरीला पाणी नसतं, असं त्यांच्या वडिलांनी एकदा सांगितलं होतं. ते पुन्हा तपासून बघायची हरिहरांना कधी गरज वाटली नव्हती.

पस्तीस फूट तांबडा जांभा दगड फोडून झाला. मग शेडी लागली, म्हणजे पांढरट चिकणमाती, आणि तिच्यात हातभर खाली काळंभोर लाकूड! खणणारा भिवा ते लाकूड घेऊन शिडीवरून सरसर वर आला.

"भाऊ, हितं आदी कुनाची तरी ईर व्हती. बुजलेली. ह्यो तिचा रहाट. मेलेल्या ईरीत मी पहार मारनार नाय."

"अरे, वरचा अखंड जांभा तूच फोडलास ना? मग त्याच्याखाली रहाट शिरला कुठून?"

तरी भिवा पहार काही उचलेना. हरिहरांचं डोकंच फिरलं. वयाच्या पासष्टाव्या वर्षी धोतराचा काचा मारून ते स्वतः शिडीला लागले.

"बाबा, वर या आधी!" कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी त्यांची लेक सावनी शनिवारची घरी येत होती, ती फाटकातूनच ओरडली. लाकूड हातात घेऊन ती हरखून गेली. "रहाट कसला, भिवाकाका! हे जंगलातलं झाड. आपला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यावर तळी झाली, गाळ साचला, त्यात हे झाड पडलं. मग लाखो वर्षांच्या पावसाने वरचा गाळ आणि दगड झिजून त्याचा जांभा झाला."

"झाड राहू दे. पाणी?"

"जांभ्यातून झिरपलेलं पाणी या शेडीवर अडतं. ही परात आहे, बाबा. आणखी खणलंत तर परातीलाच भोक पडेल."

वडिलांचा शब्द मोडायचा? हरिहर घुटमळले. मग त्यांनी कलमांकडे बघितलं आणि काचा सोडला.

पुढचे दोन दिवस त्यांनी विहिरीत इतक्या वेळा डोकावून पाहिलं की त्यांची बायको मालिनीबाई वैतागल्या. तिसऱ्या सकाळी जांभ्याच्या भोकाभोकांतून धारा लागल्या होत्या आणि खाली कमरेएवढं नितळ पाणी होतं. हरिहरांचे डोळे भरून आले.

भिवाने नारळ पुढे केला. "रहाटाच्या मालकाला आनलेला. आता कुनाला देऊ?"

हरिहरांनी तो घेतला आणि काठावर ठेवलेल्या काळ्या लाकडापुढे फोडला. मग पहिली कळशी कलमांना न घालता त्याच्यावरच ओतली.

"बाबा, ते आता काही फुटायचं नाही हो," सावनी हसली.

"ठाऊक आहे. पण बागेत सगळ्यांत थोरलं तेच. पहिलं पाणी त्याला."