बरणीतला करंट मासा

दचकू नका, मीच बोलतोय! धाराशिवच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, काचेच्या बरणीत बसलेला विद्युत पाकट. लोक मला करंट मासा म्हणतात.

जन्म रत्नागिरीजवळच्या समुद्रातला. उथळ, उबदार पाणी आणि अंगावर ओढून घ्यायला वाळू, एवढं आम्हाला पुरतं. आमची भावकी पार इराणच्या आखातापर्यंत पसरलेली. गोड्या पाण्यात मात्र कुणी नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वीज. ज्यानं पाय ठेवला, तो "आई गं!" म्हणून उडालाच! एकदा जाळ्यात सापडलो आणि कुणा सरांच्या डब्यातून इथं आलो.

वीज गेली, पण रुबाब जाईना. आपल्याला आपल्या नावानं ओळखावं, एवढीच इच्छा उरली. पण पोरं भलती हुशार! जुनी पोरं नव्यांना सांगून जातात, "लाल झाकण दिसलं की विद्युत पाकट लिहायचं." माझ्याकडं बघतंय कोण?

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेआधी वर्षाराणी मॅडमनी बरण्या धुऊन आम्हा मेलेल्यांना टिकवणारं औषध बदललं. गडबडीत माझं लाल झाकण शेजारच्या साध्या पाकटावर बसलं आणि त्याचं माझ्यावर. परीक्षेसाठी आमच्या नावांवर कागद चिकटवले. पोरं आली, झाकणं बघून लिहिलं आणि पुढं सरकली. मी आतल्या आत जळफळत होतो.

मग माकणीची शिवप्रिया आली. मागच्या वर्षी ती इथंच नापास झालेली. यंदा राहिली तर पदवी लटकणार. तिनंही आधी झाकणच बघितलं. पण लाल झाकणाखाली चाबकासारखी शेपटी दिसली, तशी ती थबकली. वाकून मला न्याहाळलं आणि लिहिलं.

परीक्षकांनी विचारलं, "बाकी सगळे याला साधा पाकट म्हणतात. तू विद्युत कशावरून म्हणतेस?"

"सर, ह्याची शेपटी आखूड, जाड हाय. तिच्यावर दोन पर, टोकाला तिसरा. विषारी काटा न्हाय. काटा त्या लाल झाकणातल्याला हाय."

"आणि सापडतो कुठं? तुमच्या माकणीच्या धरणात?"

"न्हाय सर, समुद्रात. धरणात असता तर आमची म्हसरं पाण्यात उतरलीच नसती!"

परीक्षक खळखळून हसले. मी बरणीत नाचायचाच काय तो बाकी होतो.

निकाल लागला, शिवप्रिया पास झाली. परवा ती आईला, इरम्मांना, मुद्दाम मला दाखवायला घेऊन आली.

"अव्वा, ह्यो बघ करंट मासा!"

इरम्मांनी कौतुकानं काचेला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. लेकीला ओढत म्हणाल्या, "लांब हो गं, ह्याचा काय भरवसा!"

केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हा मंडळी, कधीही या. मला बघा, हवं तर बोटही लावा. फक्त जरा घाबरून लावा.