टमारॅक तळ्यावरचे सात ठिपके

नकाशावर टमारॅक तळ्याच्या काठाने सात लाल ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक मुक्काम. तंबूपुरती सपाट जमीन आणि चुलीसाठी जंगलखात्याने दगडात रोवलेली लोखंडी जाळी. बाकी काठावर कुठेही राहायला मनाई. दुपारचे तीन वाजेपर्यंत हिल्माने चार ठिपके मागे टाकले होते आणि चारही भरलेले होते.

होडीच्या पुढच्या टोकाला तिचा नवरा गुन्नार बसला होता. वय एकाहत्तर, जंगलखात्यातून निवृत्त. मार्चमध्ये त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा या वर्षी जंगलात जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याने मान डोलावली होती आणि घरी येऊन परवाना काढला होता. आज दोन तळ्यांमधल्या पायवाटांवर हिल्माने ती हलकी होडी एकटीने डोक्यावर घेतली, पण सामानाची पिशवी काही त्याने सोडली नाही. आता त्याचं वल्हं नुसतं पाण्याला शिवून परत येत होतं. मागून तिला त्याची मान दिसत होती. मानेचा रंग चुलीतल्या राखेसारखा झाला होता.

"दुखतंय का?"

"नाही."

"गुन्नार."

"आवळल्यासारखं होतंय जरा. जागा मिळाली की पडतो थोडा वेळ."

"गोळी घेतलीस?"

"दोन घेतल्या. तू वल्हव."

साडेअकरालाच त्यांना एक जागा मोकळी मिळाली होती, अलीकडच्या लहान तळ्यावर. जमीन ओली, मुळ्या वर आलेल्या, डासांचा ढग. हिल्मा म्हणाली होती, थांबू इथेच. गुन्नार म्हणाला होता, "इथे कुत्रंसुद्धा अंग टाकणार नाही. टमारॅकवर देवदारांखालची जागा आहे की आपली. मंगळवारी कोण येतंय मरायला?" ती वाद घालत बसली नाही. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात जंगलातला रस्ता नेहमी त्यानेच ठरवला होता. देवदारांखाली आज एक पिवळा तंबू होता आणि दोन पोरी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. ऑगस्टचा दुसरा आठवडा, मंगळवार असो की रविवार, सगळं जग इथे लोटलेलं असतं.

पाचव्या ठिपक्यावर दोरीला कपडे वाळत होते. हिल्माने लांबूनच होडी वळवली. माणसं दिसली की जवळ जायचं नाही, फार तर वल्हं उचलून दाखवायचं आणि नजर फिरवायची. एकांतासाठी इतक्या लांब आलेल्याच्या दारात जाऊन उभं राहू नये, ही इथली रीत. मागे जावं तर वारा अंगावर घ्यावा लागला असता आणि ती ओली जागाही एव्हाना कुणीतरी धरली असेल. ती पुढेच निघाली.

सहाव्या ठिपक्यावर चार होड्या पालथ्या घातलेल्या होत्या. गुडघाभर पाण्यात एक दांडगा माणूस गळ टाकून उभा होता. होडी वाऱ्याने त्याच्या बाजूलाच सरकली, त्यामुळे बोलणं टळलं नाही.

"जागा शोधताय?"

"बघतोय आपलं," गुन्नार म्हणाला. अनोळखी माणसासमोर त्याचा आवाज एकदम खणखणीत झाला.

"पुढची पण गेली हो. आत्ताच तीन होड्या गेल्या तिकडे, भांडणार होत्या जागेवरून. तुम्ही इथेच या ना. आम्ही शिकागोहून नऊ जण आलोय, नियमाने नवाच्या वर चालत नाही. पण दोघांनी काय आभाळ कोसळतंय?"

"छे छे. तुम्हाला कशाला अडचण. आमचं बरं चाललंय."

त्या माणसाने हिल्माकडे पाहिलं. तिनेही मान हलवली. "नको, खरंच नको. होईल आमची सोय."

हिल्मा-गुन्नारच्या गावात पहिल्यांदा कुणीच हो म्हणत नाही. शेजारणीने कॉफी विचारली तर आधी नको. पुन्हा विचारलं तर अगं कशाला उगीच. तिसऱ्यांदा विचारलं की मग दे अर्धा कप. पहिल्याच हाकेला पुढे सरसावला त्याला हावरट म्हणतात, आणि विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो विचारत राहतो. हिल्माने वल्हं पाण्यात उभं रोवून होडी धरून ठेवली. गुन्नारही हलला नाही. दोघं दुसऱ्या हाकेची वाट बघत होते.

"बरं मग," तो माणूस म्हणाला. "सांभाळून जा. वारा वाढतोय." आणि त्याने गळ पुन्हा लांब फेकला.

आता होडी धरून ठेवणं वाईट दिसलं असतं. हिल्माने वल्हं मारलं.

थोडं पुढे गेल्यावर गुन्नार म्हणाला, "भला माणूस होता."

"होता."

"एकदाच विचारलं पण."

"एकदाच."

टेकाड वळून गेल्यावर सातवा ठिपका दिसला. तिथे खरंच तीन होड्या होत्या आणि माणसं तंबूचे खुंटे ठोकत होती. ठोकण्याचा आवाज पाण्यावरून येत राहिला. वारा आता फिरून समोरून, तळ्याच्या पार लांबून येत होता आणि लाटांच्या डोक्यावर फेस धरत होता.

"उजवीकडे खडक आहे," हिल्मा म्हणाली. "तिथे उतरू."

"तिथे जाळी नाही."

"खड्ड्यात गेली जाळी."

"जन्मभर मी लोकांना असल्या जागांवरून उठवत आलो, हिल्मा. आता मीच..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याचं वल्हं हातातून सुटलं, होडीच्या कडेवर आपटलं आणि पाण्यात पडलं. ते तिच्या जवळून वाहत गेलं, तरी तिने हात घातला नाही. गुन्नार पुढे पिशवीवर वाकला होता, काहीतरी शोधत असल्यासारखा.

तिने होडी खडकाला लावून पाहिली. खडक उभा होता, शेवाळाने निसरडा. एवढ्या मोठ्या गड्याला तिथून वर ओढणं तिच्या एकटीच्याने होणार नव्हतं. सातव्या जागेकडे बघून तिने हाका मारल्या. वारा त्या दिशेकडूनच येत होता. तिची हाक तिच्याच तोंडावर परत आली आणि खुंटे ठोकण्याचा आवाज चालूच राहिला. सहाव्या जागेकडे जायला वारा पाठीशी होता. तिने होडी फिरवली.

लाटा मागून यायला लागल्या. प्रत्येक लाटेला होडी आडवी व्हायला बघायची आणि ती वल्हं दाबून तिला सरळ करायची. त्यात ती बोलतही होती.

"ऐकतोयस ना?"

"हं."

"ते लोक आहेत ना, शिकागोचे, तिथे चाललोय. या खेपेला मी सरळ सांगणार आहे."

"शोभत नाही तसं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "सांग."

त्यानंतरही तिने दोन-तीनदा विचारलं. पुढून उत्तर आलं नाही. टेकाडाच्या वळणावर पाणी जरा शांत झालं तेव्हा विचारायचं तिने सोडून दिलं आणि नुसती वल्हवत राहिली.

तो दांडगा माणूस अजून पाण्यातच होता.

"मला जागा हवी आहे," हिल्मा लांबूनच म्हणाली. "आत्ता. माझ्या नवऱ्याला निजवायचंय."

हातातला गळ सोडून देऊन तो कमरेपर्यंत पाण्यात आला. आणखी चौघं धावले. सपाट जमीन एकाच तंबूखाली होती. त्यांनी तंबू आतल्या सामानासकट उचलून झुडपात फेकला आणि गुन्नारला तिथे ठेवलं. त्यांच्यातली एक बाई परिचारिका होती. तिने बराच वेळ त्याची छाती दाबली. दमली तेव्हा दुसऱ्याने दाबली, मग पुन्हा तिने. शेवटी ती टाचांवर मागे बसली आणि हिल्माकडे न बघता तिने घड्याळात पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं.

कुणीतरी उपग्रहाच्या यंत्रावरून निरोप धाडला. पाण्यावर उतरणारं विमान सकाळी येईल, वाऱ्यात येणार नाही, असं उत्तर आलं.

दांडगा माणूस ओल्या कपड्यांनी हिल्माशेजारी येऊन बसला. त्याचं नाव रसेल.

"तेव्हाच तब्येत बरी नव्हती का त्यांची?"

"नव्हती."

"मग नको का म्हणालात?"

"आमच्याकडे आधी नको म्हणतात."

त्याला कळलं नाही. तिने सांगितलं, कॉफीचं उदाहरण देऊन, जसं लहान मुलाला सांगावं तसं.

"म्हणजे मी अजून दोनदा विचारलं असतं तर?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "आलो असतो."

रसेलने तोंड हातांत झाकलं. त्याची समजूत घालायला हवी, असं तिला वाटलं, पण तेवढं अंगात उरलं नव्हतं. ती गुन्नारच्या पायांशी सरकली. बुटांच्या नाड्या भिजून फुगल्या होत्या आणि गाठी सुटत नव्हत्या. कुणीतरी सुरी पुढे केली. तिने ती बाजूला ठेवली आणि नखांनी पहिली गाठ सोडवायला घेतली.